व्हाउचर नंबर मागच्या तारखेने मिळत नाही (उत्तर लांबलंय, चहा घेऊन बसा)

प्रश्न थोडक्यात असा होता. फार्मसीत पीएचडी चालू आहे, ब्राह्मीच्या अर्कावर काम केलं, वाळलेलं पंचांग (म्हणजे मुळापासून फुला-फळापर्यंत अख्खं झाड) दुकानातून आणलं, पेपर पाठवला तर रिव्ह्यूअरने विचारलं की व्हाउचर स्पेसिमेन, म्हणजे पुरावा म्हणून जपलेला झाडाचा नमुना, कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात) ठेवलंय, नंबर द्या. गाइड म्हणतात, बॉटनीच्या एखाद्या मॅडमना गाठ, बागेतली ब्राह्मी दाबून दे, तारीख मागची टाक, सर्टिफिकेट घे. आणि तुझं म्हणणं असं की झाडाचे फोटो आहेत, दुकानाचं बिल आहे, हवं तर डीएनए करता येईल, मग वाळलेलं झाड कागदावर चिकटवून ठेवायचा हट्ट आजच्या काळात कशाला?

मी ती बॉटनीची मॅडम. गेली चोवीस वर्षं एका कॉलेजचं हर्बेरियम सांभाळतेय. दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे थीसिस बांधायच्या वेळेला, पाच-सहा जण तरी दारात उभे असतात, हातात झिपलॉकची पिशवी, पिशवीत हिरवट तपकिरी पावडर, "मॅडम ऑथेंटिकेशन पाहिजे, उद्यापर्यंत मिळेल का?" तेव्हा तू एकटी नाहीस. विद्यार्थ्यांना मी अगं-अरे करते, तुलाही तसंच म्हणतेय, राग मानू नकोस.

आधी ब्राह्मीचंच घेऊ, कारण नेमकी तीच निवडून तू स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलायस. ब्राह्मी या नावाने आपल्याकडे दोन वेगळ्या वनस्पती चालतात. एक बाकोपा मोनिएरी, नीरब्राह्मी म्हणतात ती, पाणथळ जागेत पसरणारी, बारीक मांसल समोरासमोर पानं, पांढरट किंवा फिकट जांभळी फुलं. दुसरी सेंटेला एशियाटिका, मंडूकपर्णी, लांब देठाची गोल किडनीसारखी पानं, जमिनीवर धावणारे धुमारे, गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. महाराष्ट्रात तू कुणाच्याही परसात जाऊन ब्राह्मी दाखवा म्हणालीस तर दहापैकी बहुतेक जण ही दुसरीच दाखवतील. दोघींचा एकमेकींशी लांबचाही संबंध नाही, रसायनंही वेगळी, बाकोपात बॅकोसाइड्स, सेंटेलात एशियाटिकोसाइड आणि मॅडेकॅसोसाइड. ताजं झाड समोर असेल तर चौथीतलं पोरगंही फरक सांगेल. वाळवून कुटलं की मात्र नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येणार नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडून सर्टिफिकेट घेऊ नकोस.

आता तुझा फोटो बघ. तूच लिहिलंयस की तो गाइडच्या बागेतल्या कुंडीचा आहे. आणि माल दुकानातला. म्हणजे फोटो एका झाडाचा आणि अर्क दुसऱ्याच कशाचा तरी! तो फोटो पुरावा आहे खरा, पण कुंडीत काय लावलंय त्याचा. बिलावर काय असणार, "ब्राह्मी १ किलो". झालं, फिरून परत तिथेच आलो.

हे एकट्या ब्राह्मीचं नाही. शंखपुष्पी म्हणून कॉन्व्हॉल्व्युलस विकतात, एव्हॉल्व्युलस विकतात, कुठे कुठे गोकर्णही. अशोकाची साल म्हणून सीता-अशोकाऐवजी सोसायटीच्या कंपाउंडला लावतात त्या उंच आसोपालवाची साल येते, कारण त्यालाही लोक अशोकच म्हणतात. या सगळ्यावर शेकड्यांनी पेपर आहेत आणि त्यातल्या कितीतरी पेपरांबद्दल आज कुणीच छातीठोक सांगू शकत नाही की टेस्ट ट्यूबमध्ये नक्की काय होतं. पेपर खोटा आहे असं मी म्हणत नाही. तो तपासायची सोय संपलीय, एवढंच.

कधीकधी हे फार महागात पडतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या एका क्लिनिकमधल्या बायकांच्या किडन्या पटापट निकामी व्हायला लागल्या. गोळ्यांमध्ये स्टेफानिया टेट्रांड्रा ही चिनी वनस्पती असायला हवी होती, तिच्या जागी अॅरिस्टोलोकिया फांगची आली होती, आपली ईश्वरी ज्या जीनसमधली (वनस्पतींच्या वंशातली) त्यातलीच एक. चिनी बाजारात दोघींच्या नावात "फांग जी" आहे, घोटाळा तिथे झाला. शंभराहून जास्त पेशंट, अनेकांना किडनी ट्रान्सप्लांट, पुढे काहींना मूत्रमार्गाचे कॅन्सर. नावाचा गोंधळ, बाकी काही नाही.

तर व्हाउचर म्हणजे काय, तर ज्या झाडाचा तू अर्क काढलास त्याच झाडाचा, किंवा त्याच जागच्या त्याच खेपेच्या झाडांपैकी एकाचा, दाबून वाळवलेला नमुना, शक्यतो फुला-फळासकट, लेबलसकट, अशा ठिकाणी ठेवलेला जिथे उद्या कुणीही जाऊन कपाट उघडून बघू शकेल. "त्याच" या शब्दावर सगळं आहे. पेपरमध्ये तू बाकोपा मोनिएरी लिहितेस ते तुझं मत झालं, किंवा माझं. माझं मत चुकू शकतं, चुकलंयही, दोन गवतांच्या बाबतीत माझ्याच शीटवर (नमुना चिकटवतात तो जाड कागद) नंतर आलेल्या एका तज्ज्ञाने दुरुस्तीची चिठ्ठी लावलीय आणि ती चिठ्ठी मी अभिमानाने दाखवते. शीट होती म्हणून त्याला मला खोडून काढता आलं ना.

आणि मत बरोबर असलं तरी नावं बदलतात. पावसाळ्यात आपण टाकळ्याची भाजी खातो, तो आधी कॅसिया टोरा होता, आता सेना टोरा. एवढंच असतं तर ठीक होतं, पण सेना ऑब्ट्युसिफोलिया म्हणून त्याची एक जुळी बहीण आहे, एकेकाळी दोघी एकच समजल्या जायच्या, आता शेंगेच्या देठाची लांबी आणि पानावरच्या ग्रंथी बघून वेगळ्या करतात. जुन्या पेपरमध्ये नुसतं "कॅसिया टोरा" वाचलं तर यातली कुठली? शीट असेल तर जाऊन ग्रंथी मोजा, दोन मिनिटांचं काम. नसेल तर वाद घालत बसा.

आता तुझ्या गाइडांच्या "मागची तारीख टाक" या सल्ल्यावर येते, आणि त्यासाठी जरा खानदेशात जाऊ. ही गोष्ट पक्ष्याची आहे, पण झाडांना तितकीच लागू आहे, आणि मी ती पहिल्या वर्षाच्या पोरांना दरवर्षी सांगते.

रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड. ह्यूमने १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं, ब्लेविट नावाच्या माणसाने आताच्या छत्तीसगडच्या बाजूला मिळवलेल्या नमुन्यावरून. नंतर १८८०च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशात, तळोदा-शहाद्याच्या बाजूला, काही नमुने गोळा केले. आणि मग पक्षी गायबच झाला. जगभरच्या म्युझियममध्ये मिळून नमुने सातच. त्यातला सगळ्यात नवा १९१४चा, गुजरातेत तापीकाठच्या मांडवीचा, गोळा करणारा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन, ब्रिटिश लष्करातला मोठा बडा माणूस. साहजिकच शोधायला जाणारे मांडवीचा हिशोब धरून जायचे. मिळत काही नव्हतं. पक्षी नामशेष झाला असंच लोक धरून चालले होते.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर काम करताना म्युझियममधले जुने नमुने तपासत होत्या. माइनर्ट्झहागनच्या संग्रहात काहीतरी पाणी मुरतंय हा संशय आधीपासून होता. त्यांनी आणि नायजेल कॉलर यांनी त्या १९१४च्या रानपिंगळ्याचा एक्स-रे काढला, शिवण बघितली, आत भरलेला कापूस बघितला. पक्षी भरायची प्रत्येकाची एक पद्धत असते बघ, जशी प्रत्येक बाईची पुरणपोळी लाटायची वेगळी. तर वरवर हा नमुना नव्याने भरलेला होता, पण आत मूळ कारागिरीच्या खुणा शिल्लक होत्या आणि त्या डेव्हिडसनच्या हाताशी जुळत होत्या. म्हणजे साहेबांनी ब्रिटिश म्युझियममधून डेव्हिडसनचाच पक्षी उचलला, उसवला, पुन्हा भरला आणि स्वतःचं लेबल लावलं. नवी जागा, नवी तारीख, सगळं बनावट!

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी १९१४ची नोंद कचऱ्यात टाकली आणि डेव्हिडसनच्या जुन्या प्रामाणिक लेबलांवर भरवसा ठेवून खानदेश गाठला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा झाडावर बसलेला सापडला, दिवसाढवळ्या. शंभर वर्षांहून जास्त काळानंतर. नंतर तोरणमाळ, मेळघाट, आणि २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही मिळाला.

या गोष्टीत दोन लेबलं आहेत. एक खरं, शंभर वर्षांनीही माणसाला बरोबर झाडाखाली नेऊन उभं करणारं. एक खोटं, लोकांना भलतीकडेच पाठवणारं. आणि खोटं पकडलं गेलं ते नमुना हातात होता म्हणून, उसवून बघता आला म्हणून. नुसता फोटो किंवा वहीतली नोंद असती तर साहेब आजही मोठेच राहिले असते. बागेतली फांदी दाबून तिच्यावर दोन वर्षांपूर्वीची तारीख आणि दुकानाचं गाव टाकायचं म्हणजे हेच, फक्त छोट्या प्रमाणावर. माझ्याकडे अशी विनंती आली की मी चहा पाजते आणि परत पाठवते.

नमुना ठेवायचं आणखी एक कारण आहे आणि मला स्वतःला हे सगळ्यात आवडतं. ठेवणाऱ्याला कल्पनाही नसते त्याचा पुढे काय उपयोग होणार. इंग्लंडमध्ये छंद म्हणून पक्ष्यांची अंडी गोळा करणारे लोक होते, आज बेकायदा आहे ते, तेव्हा फॅशन होती. १९६७ मध्ये डेरेक रॅटक्लिफने त्या संग्रहातली बहिरी ससाण्याची अंडी मोजली-वजन केली आणि दिसलं की १९४०च्या दशकाच्या शेवटापासून कवचं अचानक पातळ झालीत, म्हणजे नेमकं डीडीटी हे कीटकनाशक वापरात आलं त्या सुमाराला. अंडी जमवणाऱ्यांनी डीडीटीचं नावही ऐकलं नव्हतं. तसंच केंब्रिजच्या हर्बेरियममधली दोनशे वर्षांतली पानं घेऊन इयान वुडवर्डने १९८७ मध्ये पर्णरंध्रं मोजली, ती साधारण ४० टक्क्यांनी कमी झालेली निघाली, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढत गेला तसतशी. ज्याने १७८०-९० साली ते पान दाबलं असेल त्याला कार्बन डायऑक्साइड वाढेल हे स्वप्नातही नसेल. आणि नव्या जाती तर कितीतरी वेळा जंगलात सापडायच्या आधी कपाटात सापडतात, २०१० मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात नव्याने वर्णन केलेल्या वनस्पतींपैकी जवळपास पाव हिस्सा पन्नास वर्षांहून जुन्या नमुन्यांवरून होता.

आता फोटो आणि डीएनए. मी फोटोच्या विरोधात अजिबात नाही, माझा फोन फुलांच्या फोटोंनीच भरलाय, घरचे वैतागलेत. फुलाचा रंग, झाडाचा डौल, ही माहिती शीटवर मरते, तिथे फोटोच पाहिजे. पण कासच्या पठारावर जा सप्टेंबरात, पांढऱ्या गेंदांचा गालिचा असतो, तो एरिओकॉलॉन, पन्नास फोटो काढ, जात सांगता येणार नाही, कारण ती ठरवायला फुलाचे बारीक भाग सोडवून बघावे लागतात आणि बियांवरची नक्षी मायक्रोस्कोपखाली बघावी लागते. फोटोतलं फूल उघडता येत नाही. बर्लिनचं उदाहरण आहे ना, मार्च १९४३ मध्ये बॉम्बहल्ल्यात तिथलं हर्बेरियम बहुतेक सगळं जळालं. नशिबाने शिकागोच्या फील्ड म्युझियमचे मॅकब्राइड १९२९पासून युरोपात फिरून टाइप नमुन्यांचे (ज्यांच्यावरून जातीचं नाव ठरलं त्या मूळ नमुन्यांचे) फोटो काढत होते, त्यामुळे कितीतरी गेलेल्या नमुन्यांची निदान छबी उरली, आजही वापरतात. पण खरा आधार मिळाला तो त्याच झाडांच्या, आधीच इतर हर्बेरियमना वाटलेल्या डुप्लिकेट शीटचा. म्हणून एका झाडाच्या तीन-चार शीट करायच्या आणि दोन-तीन ठिकाणी द्यायच्या ही पद्धत आहे, दानशूरपणा म्हणून नव्हे, आग-पाणी-वाळवी कुणाला सांगून येत नाही म्हणून. दिल्लीतलं नैसर्गिक इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय एप्रिल २०१६ मध्ये जळालं, रिओचं नॅशनल म्युझियम सप्टेंबर २०१८ मध्ये. रिओत कीटकांचा संग्रह मोठ्या प्रमाणावर गेला, हर्बेरियम दुसऱ्या इमारतीत होतं म्हणून वाचलं.

डीएनएचं म्हणशील तर सिक्वेन्स तू कशाशी जुळवणार? जेनबँक या सार्वजनिक डीएनए डेटाबेसमध्ये कुणीतरी टाकलेल्या सिक्वेन्सशी. त्या कुणीतरीने झाड बरोबर ओळखलं होतं कशावरून? बुरशींच्या बाबतीत २००६ मध्ये तपासणी झाली तेव्हा सार्वजनिक डेटाबेसमधल्या साधारण २० टक्के सिक्वेन्सवर जातीचं नाव चुकीचं असू शकतं असं निघालं. ज्या सिक्वेन्समागे नमुना आहे तो दुरुस्त करता येतो, ज्याच्यामागे नाही तो चुकीचा राहून पुढच्यांनाही चुकवत राहतो.

बरं, पुढच्या वेळेसाठी, कसं करायचं ते. दाबायचं तंत्र अवघड नाही, प्रेस (झाड दाबायच्या दोन फळ्या), दोऱ्या किंवा पट्टे आणि भरपूर वर्तमानपत्रं, ग्लॉसी पुरवण्या नकोत, त्या पाणी शोषत नाहीत. पावसाळ्यात पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदल, शक्य असेल तर दोनदा, आळस केलास तर तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आणि पानं देठापासून सुटलेली मिळतील. कोकणातल्या जुलैत तर मी इस्त्रीसुद्धा फिरवलीय कागदावरून. एखादं फूल ७० टक्के अल्कोहोलमध्ये छोट्या बाटलीत, आणि कोवळ्या पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये डीएनएसाठी, त्याच फील्ड नंबरने (नमुन्याला तू दिलेला अनुक्रमांक). फॉर्मॅलिनमध्ये टाकलंस तर आकार टिकतो पण डीएनएची वाट लागते. नंतर साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड शीटवर चिकटवायचं, जाड देठ दोऱ्याने टाचायचे. कपाटात जायच्या आधी पिशवीत सीलबंद करून उणे २० डिग्रीला आठवडाभर फ्रीझरमध्ये, सिगारेट बीटल या किडीची अंडी-अळ्या मरतात. पूर्वी मर्क्युरिक क्लोराइडमध्ये बुडवायचे, जुन्या शीट हाताळल्यावर हात धुवायचे ते त्यामुळेच. पोरं शीट चाळता चाळता वडापाव खातात तेव्हा माझा जीव वर-खाली होतो.

पण या सगळ्याहून महत्त्वाचं लेबल. झाड सुंदर दाबलंय आणि लेबलवर नुसतं "महाबळेश्वर" असं असेल तर ते सजावटीचं सामान झालं. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्याकडच्या कितीतरी शीटवर छापील लेबल आहे, "मलबार, कोंकण वगैरे", गोळा करणारे "स्टॉक्स, लॉ वगैरे". म्हणजे जागाही वगैरे आणि माणूसही वगैरे! केरळपासून कोकणापर्यंत कुठलंही झाड. एखादी दुर्मीळ जात शोधायला निघालेल्या माणसाने त्या "वगैरे"चं करायचं काय? तेव्हा फील्ड नंबर (तुझा स्वतःचा, १ पासून सुरू, आयुष्यभर एकच मालिका), तारीख, गाव-तालुका-जिल्हा, जीपीएस, उंची, आजूबाजूला काय होतं, ओढा की कातळ की बांध, झाडाची उंची, फुलाचा रंग, चीक निघतो का, वास येतो का, गावातले लोक काय म्हणतात आणि कशाला वापरतात, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. हे सगळं तिथेच उभं राहून लिहायचं. "घरी जाऊन लिहिते" म्हणणाऱ्यांच्या वह्या मी बघितल्यात. आणि बाजारातून घेतलेला माल असेल तर लेबलवर सरळ तसंच लिहायचं, अमुक बाजार, अमुक तारीख, पॅकेटवरचा लॉट नंबर असेल तर तो, त्यात लाज कसली.

माझा स्वतःचा एक फजितीचा किस्सा. सुरुवातीच्या वर्षांत एका कॉलेजात होते, दोन सीझनची झाडं वर्तमानपत्रात वाळवून गठ्ठे बांधून लॅबच्या कोपऱ्यात ठेवले होते, माउंट करायला वेळ झाला नव्हता. दिवाळीची साफसफाई निघाली आणि जुन्या पेपरचे गठ्ठे म्हणून सगळे रद्दीत गेले! किलोच्या भावाने. रद्दीवाल्याकडे धावत गेले तोवर गाडी भरून गेलेली. चूक माझीच, गठ्ठ्यावर काही लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून प्रत्येक गठ्ठ्यावर लाल मार्करने "रद्दी नाही" असं लिहिते, नवीन मुलं हसतात.

काय गोळा करू नये हेही सांगते. कंदीलपुष्पाची एखादी दुर्मीळ जात, कड्यावर मोजून आठ झाडं, तिथे कंदासकट उपटायचं नाही. एक फूल अल्कोहोलमध्ये, पानाचा तुकडा सिलिकात, फोटो भरपूर, आणि लेबलवर लिहायचं की झाडं कमी होती म्हणून एवढंच घेतलं. संरक्षित क्षेत्रात वनखात्याची परवानगी लागते, ती आधी घ्यायची. आणि जैवविविधता कायदा २००२ मध्ये कलम ३९ आहे, त्याखाली सरकारने काही संस्था रिपॉझिटरी, म्हणजे नमुने जपायची अधिकृत ठिकाणं, म्हणून ठरवल्यात, नवीन जात सापडली तर त्यांना कळवणं आणि व्हाउचर त्यांच्याकडे देणं कायद्यानेच बंधनकारक आहे. तुझ्या ब्राह्मीला ते लागू नाही, पण माहीत असू दे.

ठेवायचं कुठे? गाइडच्या केबिनमधलं कपाट म्हणजे हर्बेरियम नव्हे, गाइड रिटायर झाले की ते कपाट रिकामं होतं. जिथे अॅक्सेशन रजिस्टर (आलेल्या प्रत्येक नमुन्याला नंबर देणारी नोंदवही) आहे, माणूस नेमलेला आहे आणि ज्याचा कोड न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनच्या हर्बेरियम सूचीत आहे अशा ठिकाणी द्यायचं. पुण्यात बॉटनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्थेचं हर्बेरियम आहे, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचं. आधी मेल करून त्यांचे नियम विचार, फी किती, फुलं लागतात का, किती दिवस लागतील. "उद्यापर्यंत मिळेल का" असं विचारू नकोस, प्लीज. पावडर किंवा सुकलेल्या औषधी मालासाठी दिल्लीत सीएसआयआरचं रॉ मटेरियल हर्बेरियम अँड म्युझियम आहे, ते याच कामासाठी आहे.

आता तुझं काय. परिस्थिती वाटते तितकी वाईट नाही, जर एक गोष्ट शिल्लक असेल तर. वापरलेल्या त्याच खेपेचं पंचांग थोडं तरी उरलंय का? बरणीच्या तळाशी, कुणाच्या ड्रॉवरमध्ये, कुठेही? असेल तर तेच तुझं व्हाउचर, पावडर असली तरी. त्यातलं थोडं वेगळं काढून एचपीटीएलसी (प्लेटवर रसायनं वेगळी करून दाखवणारी चाचणी) करून घे, बॅकोसाइड आणि एशियाटिकोसाइड दोन्हींची स्टँडर्ड शेजारी लावून, कुठली ब्राह्मी ते एका प्लेटवर दिसेल. न कुटलेले तुकडे मिळाले तर उत्तमच, पान-खोडाच्या तुकड्यावरूनच मायक्रोस्कोपखाली बरंच कळतं. डीएनए करायचाच तर अर्कातून नको, कच्च्या मालातून कर, आणि जुळवायला मी किंवा दुसरं कुणी ओळखून ठेवलेल्या, शीट असलेल्या झाडाचं पान वापर. दुकानदाराला विचार माल कुठून येतो, सांगितलं तर तिथली झाडं आजच्या तारखेने गोळा कर आणि तुलना म्हणून जमा कर, मूळ व्हाउचर म्हणून नाही.

काहीच उरलं नसेल तर रिव्ह्यूअरला तसं स्पष्ट लिही: "संशोधनासाठी वापरलेला माल अमुक दुकानातून अमुक तारखेला घेतला, त्याचा नमुना राखून ठेवलेला नाही, ओळख अर्काच्या रासायनिक प्रोफाइलवरून केली आहे, त्याच पुरवठादाराकडून नंतर घेतलेल्या मालाचा नमुना अमुक नंबरने जमा केला आहे." काही जर्नल यावर पेपर परत पाठवतील, जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजीसारखी याबाबत कडक आहेत, काही मर्यादा म्हणून छापतील. थीसिसमध्ये एक प्रयोग नव्या, व्हाउचर असलेल्या मालावर पुन्हा करावा लागेल कदाचित, सहा महिने जातील. गाइडांशी बोलणं अवघड आहे हे मला कळतं, त्यांना सांग की व्हायव्हाच्या वेळी बाहेरून येणारा परीक्षक बॉटनीचा असला तर पहिला प्रश्न हाच येणार, यावर बहुतेक जण ऐकतात.

आणि प्लेटवर सेंटेला निघाली तर घाबरू नकोस. शीर्षक बदलावं लागेल, चर्चेचा भाग पुन्हा लिहावा लागेल, पण तुझे आकडे तुझेच आहेत, ते फक्त दुसऱ्या झाडाचे आहेत. गेल्या वर्षी एका मुलाचं असंच झालं, तो दोन दिवस रडवेला होता, मग सगळं नव्या नावाने लिहून काढलं.

तर आता लॅबमध्ये गेलीस की आधी बरण्या शोध. जे सापडेल ते घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत भर, आत सिलिका जेलची पुडी टाक, पेन्सिलने चिठ्ठी लिही (पेनाची शाई उडते), दुकान, खरेदीची तारीख, बिलाचा नंबर, आजची तारीख, तुझं नाव. मग ती बाटली आणि बिलाची झेरॉक्स घेऊन हर्बेरियममध्ये जा, सकाळी अकरानंतर, त्याआधी आम्ही कपाटांतली डांबरगोळी बदलत असतो.